अध्यक्ष महोदय, माझा एक प्रश्न आहे
(अहिल्यानगर येथे सहकारी मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात वसतिगृहाचा अहवाल वाचला जातो. मुले किती, दहावीला किती बसली, छपराचे काम कुठवर आले, धान्य किती आले. या वर्षीचा अहवाल छापील स्वरूपात आपल्या हातात आहे, म्हणून तो वाचून दाखवत नाही. मला दिलेल्या वेळेत मी त्यातल्या एकाच ओळीविषयी बोलणार आहे. 'इतर उपक्रम' या मथळ्याखाली लिहिले आहे : 'मुलांची संसदीय वादविवाद सभा, महिन्यातून एकदा.'

या ओळीवरून वर्षभरात आपल्यापैकी तिघाचौघांनी मला विचारले, "ताई, डोंगरातल्या पोरांना वाद घालायला कशाला शिकवता? आधी नीट लिहायला-वाचायला तर येऊ द्या." एका वडीलधाऱ्या बंधूंनी असेही म्हटले की वादविवाद ही ख्रिस्ती स्वभावाला धरून असलेली गोष्ट नव्हे. प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे आणि विचारणारे वर्षानुवर्षे या कामासाठी देत आलेले आहेत, तेव्हा उत्तर नीट द्यायला हवे. पण आधी ही सभा चालते कशी ते सांगते. न पाहिलेल्या माणसापुढे 'वादविवाद' म्हटले की नळावरचे भांडण उभे राहते.

मुलांना संसदेच्या पद्धतीने बोलायला शिकवण्याची कल्पना आमची नव्हे. १९६२ साली मुंबईत निरनिराळ्या पक्षांच्या प्रतोदांची अखिल भारतीय परिषद भरली होती. तिने शिफारस केली आणि १९६६-६७ पासून संसदीय कार्य मंत्रालयाने दिल्लीच्या शाळांमध्ये युवक संसद सुरू केली. पुढे ती केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि विद्यापीठांपर्यंत गेली. तिथे पन्नास-पंचावन्न मुले तासाभराच्या आत संसदेचा अख्खा दिवस करून दाखवतात : शपथविधी, प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, विधेयक. पाहायला फार छान वाटते. पण खरे सांगायचे तर पुष्कळदा ते पाठ केलेले असते. विरोधी सदस्याचा प्रश्न आणि मंत्र्याचे उत्तर, दोन्ही एकाच गुरुजींनी एकाच वहीत लिहिलेले असते.

आमच्याकडे तेवढी मुले नाहीत आणि तेवढी जागाही नाही. म्हणून त्यातला गाभा तेवढा घेतला : एक ठराव, दोन बाजू, एक अध्यक्ष. केंब्रिजला १८१५ पासून आणि ऑक्सफर्डला १८२३ पासून विद्यार्थ्यांच्या सभा अशाच चालत आल्या आहेत. आमची सभा जेवणाच्या पडवीत भरते आणि घंटा म्हणून स्टीलचे ताट व डाव.

वक्तृत्व स्पर्धा आपल्याला ओळखीची आहे. आपल्या महाराष्ट्रात तिचे फार कौतुक, संडेस्कूलच्या मेळाव्यातही ती असतेच. पण वक्तृत्वात मूल उभे राहते, पाठ केलेले बोलते, टाळ्या घेते आणि बसते. त्याला कुणी उलट उत्तर देत नाही. संसदीय पद्धतीत पहिल्या मिनिटानंतर समोरचा उठून विचारू शकतो, "हे तुम्ही कशावरून म्हणता?" पाठांतर तिथेच संपते.

आमची गेल्या पावसाळ्यातली एक सभा सांगते, म्हणजे नियम आपोआप कळतील. ठराव असा होता : 'या सभागृहाचे मत आहे की, वसतिगृहातील खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यावर जमा करावेत.' हा विषय हवेतला नाही. एप्रिल २०१८ मध्ये शासनाच्या आदिवासी विकास विभागाने आपल्या वसतिगृहांसाठी असाच निर्णय घेतला होता आणि त्या जुलैत त्याच्या विरोधात आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. आपल्या संगमनेरवरूनच जातो तो रस्ता. आमच्या मुलांचे भाऊ, बहिणी, मामा शासकीय वसतिगृहांत राहिलेले आहेत. त्यांना हा विषय समजावून सांगावा लागला नाही. उलट त्यांनीच आम्हाला समजावला.

ठराव आठ दिवस आधी फळ्यावर लागतो. ठरावाची भाषा प्रश्नाची नसते, विधानाची असते, म्हणजे त्यावर 'होय' किंवा 'नाही' एवढेच म्हणता येते. तो असा हवा की शहाणी माणसेसुद्धा दोन्हीकडे सापडतील. 'दारू वाईट आहे' हा ठराव होत नाही, कारण विरोधात बोलणाऱ्याने काय बोलायचे? 'गावातले दारूचे दुकान महिलांच्या मतदानाने बंद व्हावे' हा ठराव होतो.

मग चिठ्ठ्या टाकतात. तीन मुले ठरावाच्या बाजूने, म्हणजे सत्ताधारी बाक, तीन विरोधात. बाजू निवडायची मुभा नाही. चिठ्ठीत येईल ती. हा नियम पाहुण्यांना सर्वांत खटकतो. मुलाला जे पटत नाही ते त्याच्या तोंडून वदवून घेता, हे खोटे बोलायला शिकवणे नव्हे का? मीही यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या पावसाळ्यात सत्ताधारी बाकाची चिठ्ठी निघाली ती एका ठाकर मुलीची, आठवीतली. तिचा भाऊ खाणावळ बंद होण्याच्या पुरता विरोधात होता आणि तीही. दोन दिवस ती रुसून बसली. तिसऱ्या दिवशी तिने आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना विचारले, ठेकेदाराचे जेवण वाईट निघाले तर मुलांनी तक्रार कुणाकडे करायची? मावशी म्हणाल्या, ठेकेदाराकडेच. तिथे तिला तिचा मुद्दा सापडला. सभेत ती म्हणाली, "अध्यक्ष महोदय, ज्याच्या हातात पैसा त्याचे ऐकले जाते. आज पैसा ठेकेदाराच्या हातात आहे." मुलीचे मत बदलले नाही. पण दुसऱ्या बाजूला निव्वळ मूर्ख किंवा लबाड माणसे बसलेली नसतात, एवढे तिला कळले. विरोधी बाकावरच्या मुलानेही तोडीस तोड उत्तर दिले : पैसा तीन महिने उशिरा आला तर तीन महिने हातात काय असते? आणि घरी बाप आजारी असेल तर जेवणाचे पैसे घरी जाणार नाहीत का?

प्रत्येकाला चार मिनिटे. पहिले अर्धे मिनिट आणि शेवटचे अर्धे मिनिट कुणी मध्ये बोलायचे नाही. मधल्या वेळात समोरच्या बाकावरचा उभा राहून 'माहितीचा मुद्दा' मागू शकतो. बोलणारा हवे तर त्याला संधी देतो, नको तर हाताने खाली बसवतो. सगळ्यांनाच खाली बसवणारा मात्र घाबरला आहे असे सभागृह समजते. सहा जणांचे झाले की बाकीच्या मुलांना एकेक मिनिट. सगळ्यांत शेवटी ठराव मांडणाऱ्याला दोन मिनिटे उत्तराचा अधिकार, कारण आक्षेप सगळे त्याच्यावर झालेले असतात. पण उत्तरात नवा मुद्दा काढायचा नाही, कारण त्याला उत्तर द्यायला मग कुणी उरत नाही.

आता अध्यक्ष. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. सभेत कुणी कुणाशी थेट बोलत नाही. बोलायचे ते अध्यक्षांना. "तू खोटं बोलतोस" असे म्हणता येत नाही. म्हणायचे ते असे : "अध्यक्ष महोदय, माननीय सदस्यांनी दिलेली माहिती पूर्ण नाही." पहिल्या महिन्यात मुले यावर पोट धरून हसली. मग लक्षात आले की जी मुले एरवी बोलतच नाहीत त्यांना हा आडोसा सोयीचा पडतो. समोरच्या दांडग्या मुलाच्या डोळ्यांत बघून बोलण्यापेक्षा अध्यक्षांकडे बघून बोलणे सोपे. दांडगा मुलगाही आवाज चढवून काही मिळवू शकत नाही, कारण वेळ दोघांना सारखाच आणि ताट दोघांसाठी सारखेच वाजते. नियम मोडला तर कुणीही 'हरकतीचा मुद्दा' घेऊ शकते आणि अध्यक्षांना त्यावर तिथल्या तिथे निर्णय द्यावा लागतो. असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकले जातात. हा भाग मुलांना इतका आवडतो की हल्ली अंगणात कबड्डी खेळतानाही कुणीतरी ओरडते, "हा शब्द काढून टाका!"

१९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते ते आपल्याच जिल्ह्यातले बाळासाहेब भारदे. आणि लोकसभेत कित्येक वर्षे विरोधी बाक गाजवणारे मधु दंडवते जन्माने नगरचे. ही दोन नावे मी मुलांना सांगते. एकाने खुर्चीवरून सर्वांना बोलू द्यायचे आणि दुसऱ्याने बाकावरून सरकारला प्रश्न विचारायचे, ही दोन्ही कामे सारखीच मानाची आहेत हे त्यांना कळावे म्हणून.

मतदान आधी आवाजी असते. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. अध्यक्षांनी दिलेल्या कौलावर समाधान नसेल तर मोजणी मागता येते. मग 'होय'वाले पडवीच्या एका टोकाला आणि 'नाही'वाले दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी सतरा-सतरा झाले. अध्यक्षपदी नववीतला एक महादेव कोळी मुलगा होता. संसदेत अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, पण मते समसमान पडली तर निर्णायक मत देतात. राज्यघटनेच्या शंभराव्या अनुच्छेदात तसे आहे. मुलगा स्वतः खात्यावर पैसे यावेत या मताचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याने थोडा वेळ घेतला आणि मत दिले ते ठरावाच्या विरोधात. म्हणाला, सभागृहाचे ठरलेले नाही, मग मी एकट्याने चालू गोष्ट कशी बदलू? जुन्या सभागृहांमधला संकेतही हाच आहे. तो आम्ही त्याला शिकवलेला नव्हता.

माझी एक तक्रार मात्र आहे. बाहेरच्या स्पर्धांत परीक्षक 'न' आणि 'ण'साठी गुण कापतात. आमच्याकडे बोली चालते. ठाकरी बोलीत मांडलेला मुद्दा प्रमाण मराठीत मांडलेल्या मुद्द्यापेक्षा हलका ठरत नाही. शुद्ध बोलणे वर्गात शिकवू, त्याला ना नाही. पण मूल तोंड उघडत असताना त्याच्या जिभेवर पट्टी मारू नये.

आता वडीलधाऱ्या बंधूंचा प्रश्न. वादविवाद ख्रिस्ती स्वभावाचा नाही का?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा काढून पाहा. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचे ओझे घालावे की नाही, यावर यरुशलेमात पहिली मोठी सभा भरली. पुष्कळ वादविवाद झाला असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. मग पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, लोक गप्प राहून ऐकत होते, आणि शेवटी याकोबाने निर्णय मांडला. तो लेखी करून मंडळीला पाठवला. आपण या मेळाव्यात बसलेलो आहोत ते त्या वादविवादाचे फळ म्हणूनच. आपण सगळे परराष्ट्रीयच की.

पण माझ्या मुलींना मी दुसरीच गोष्ट सांगते, गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायातली. सलाफहादाच्या पाच मुली : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप रानात मेला, भाऊ नाही. दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार आणि सर्व मंडळीसमोर त्या उभ्या राहिल्या आणि मुद्देसूद बोलल्या. बापाने बंडात भाग घेतला नव्हता. मुलगा नाही एवढ्यासाठी त्याचे नाव का पुसले जावे. आम्हाला वतन द्या. मोशेने हे प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वर म्हणाला की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. नियम बदलला.

आपण बहुधा इथेच थांबतो. पण छत्तिसाव्या अध्यायात दुसरी बाजू उठते. त्याच वंशातील प्रमुख मोशेकडे येऊन म्हणतात, या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आमची जमीन त्यांच्याबरोबर जाईल. त्यांचेही म्हणणे बरोबर ठरते आणि आधीच्या निर्णयाला दुरुस्ती होते : वतन मुलींचेच, लग्न मात्र आपल्या वंशात. ठराव, त्याला आक्षेप, मग दुरुस्ती. आमच्या पडवीतल्या सभेचा क्रम याहून वेगळा नाही. आणि आदिवासींची जमीन आदिवासींच्या हातून जाऊ नये, तरी मुलीला वाटा मिळावा, हा प्रश्न अकोल्याच्या डोंगरात आजही जसाच्या तसा उभा आहे. मुलींनी तो वाचला तेव्हा अर्धा तास कुणी झोपायला गेले नाही.

'डोंगरातल्या पोरांना' या शब्दांबद्दलही बोलते. १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत एक आदिवासी ख्रिस्ती सदस्य बोलायला उभे राहिले. जयपाल सिंग मुंडा. रांचीच्या मिशन शाळेत शिकलेले, पुढे ऑक्सफर्डला गेलेले, १९२८च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कप्तान. त्यांनी स्वतःला अभिमानाने जंगली म्हणवून घेतले आणि सभागृहाला सांगितले की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, लोकशाहीची रीत तुम्हीच त्यांच्याकडून शिकायची आहे. घटना समितीत पुरुषच फार झाले, आदिवासी स्त्रिया हव्यात, असेही ते त्याच भाषणात म्हणाले. एका मिशन शाळेतून हे घडले, म्हणून आपल्या कामाशी त्याचा संबंध आहे असे मी मानते.

ते म्हणाले त्याचा अर्थ मला एका आजोबांनी समजावला. नातवाची सभा पाहायला ते वाडीवरून चालत आले होते. मोजणी झाल्यावर म्हणाले, "आमच्यात डोकी मोजत नाहीत. पटेस्तोवर बसतात." तेव्हापासून मतदानानंतर दोन्ही बाजूंची एकेक मुले एकत्र बसून, दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टी लिहून काढतात. खाणावळीच्या ठरावानंतर त्यांनी लिहिले होते : पैसे कुठूनही येवोत, तक्रार वही मुलांच्या ताब्यात असावी. ती वही आता आमच्याही स्वयंपाकघरात लटकलेली आहे आणि मावशी तिच्यावर नाराज आहेत.

हे सगळे कशासाठी, ते आता सांगते. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे बारा मतदारसंघ आहेत. त्यांतला अकोले हा एकच अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथून एकच जण मुंबईला जाणार. पण ग्रामसभेत सगळ्यांना बसायचे आहे. अकोले तालुक्यातली पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला मोठे अधिकार दिले, आणि २००६च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात असा नियम आहे. कागदावर सगळे आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ठरावाची वही नंतर घरोघर फिरते आणि जिथे बोट ठेवले जाईल तिथे सही होते. काय लिहिले आहे ते विचारायचे असते, विचारता येते, हेच माहीत नसते.

आमच्या वसतिगृहातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली एक मुलगी आपल्या गावच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गेली. विहिरीचा ठराव होता. वाचून न दाखवता हात वर करायला सांगितले गेले. ती उठून म्हणाली, "अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा आहे. मतदानाआधी ठराव वाचावा." लोक हसले. "पोरी, खाली बस," असेही कुणी म्हणाले. ती बसली नाही आणि आवाजही चढवला नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणाली. तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, वाचा की मग, वाचायला काय जातंय. वाचला. विहीर ठरली होती ती लोक समजत होते त्या वाडीला नव्हतीच. अर्धा तास बोलणे झाले आणि ठरावात दुरुस्ती झाली. त्यानंतर तिच्या वडिलांना पंधरा दिवस टोमणे ऐकावे लागले, पोरीला फार शिकवले म्हणून. विहिरीचे काम अजून सुरू झालेले नाही. पण ठराव वहीत बरोबर लिहिलेला आहे, आणि त्या वाडीवरच्या बायका पुढच्या महिला ग्रामसभेला आपण होऊन गेल्या.

आपल्या या नगरात मिशनने १८३१ साली काम सुरू केले. त्या काळी मुलींना अक्षर शिकवावे की नाही यावरच वाद होता. आपल्या आज्या-पणज्या शिकल्या म्हणून आपण इथे आहोत. माझे मागणे फार मोठे नाही. वसतिगृहाला दोन मराठी दैनिके वर्षभर हवी आहेत, कारण मुद्दा काढायला माहिती लागते आणि मुलांकडे फोन नाहीत. राज्यघटनेच्या मराठी प्रती हव्यात, पाच पुरे. आणि माणसे हवीत. मुले एकमेकांचे मुद्दे ओळखू लागली आहेत. त्यांना अनोळखी विरोधक हवा आहे. जानेवारीतल्या सभेसाठी मंडळ्यांमधून तीन जणांनी यावे. ठराव मुलांनी ठरवून ठेवला आहे : 'या सभागृहाचे मत आहे की, देणगीदारांनी दिलेल्या पैशाचा खर्च कसा व्हावा हे ठरवताना वसतिगृहातील मुलांना मत असावे.' मुले सत्ताधारी बाकावर बसणार आहेत, विरोधी बाक आपला. नावे आपापल्या पाळकसाहेबांकडे द्यावीत. प्रत्येकी चार मिनिटे मिळतील, आणि जेवण मावशींच्या हातचे आहे.